द ग्रे : लांडग्यांसाठी बघायला घ्याल तर चिडाल

2012 ला थेटरात आलेला हा पिक्चर लोक अजून बघतात आणि अजून त्यावरून भांडतात, आणि भांडणाचं मूळ मला तरी ट्रेलरमध्येच दिसतं. लियाम नीसन हाताच्या मुठीवर फुटक्या बाटल्या टेपने बांधतोय, समोर लांडगा, झालं, पब्लिकला वाटलं आता हा लांडग्यांना धुणार. तो सीन यायला जवळजवळ दोन तास थांबायचं आणि आला की स्क्रीन काळी! लोक शिव्या घालतात ते उगाच नाही. पण या एका कारणासाठी पिक्चरला एक स्टार देणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण चूक विकणाऱ्याची आहे, बनवणाऱ्याची नाही. (पुढे शेवटापर्यंतचं सगळं येतंय, बघायचा असेल तर आधी बघून या.)

स्टोरी एवढीशीच आहे. अलास्कात तेल कंपनीच्या कामगारांवर लांडगे येऊ नयेत म्हणून त्यांना बंदुकीने टिपायचं ही ऑटवेची, म्हणजे नीसनची नोकरी. सुट्टीवर निघालेल्या कामगारांचं विमान बर्फात कोसळतं, मूठभर लोक वाचतात आणि लांडगे एकेकाला उचलायला लागतात.

विमान पडल्यानंतर लगेच जो सीन आहे ना, त्याच्यासाठी पूर्ण पिक्चर माफ. एक जण पोटातून रक्त जाऊन मरतोय, घाबरलाय, मला काय होतंय विचारतोय, आजूबाजूचे सगळे तुला काही होणार नाही टाइप बोलतायत, आणि ऑटवे जवळ जाऊन सरळ सांगतो की तू मरणार आहेस. मग एकदम शांत आवाजात त्याला सांगत राहतो की आता ऊब जाणवेल, ज्यांच्यावर जीव आहे त्यांना आठव, त्यांनाच तुला घेऊन जाऊ दे. म्युझिक लावून रडवायचा प्रकार नाही, ओरडाआरडा नाही, फक्त तो माणूस हळूहळू शांत होतो आणि बाकीचे धटिंगण गप्प उभे. मारधाडीच्या पिक्चरमध्ये माणसं पटापट मरतात आणि कोणी वळूनही बघत नाही, इथे दिग्दर्शक जो कार्नाहान प्रत्येकाला मरायला वेळ देतो. मेलेल्यांची पाकिटं घरच्यांना द्यायला म्हणून गोळा करत जायचं, ही आयडिया पण तिथूनच सुरू होते.

आता लांडगे. ते जिथे दिसत नाहीत तिथे खतरनाक आहेत, अंधारात नुसते चमकणारे डोळे आणि चारी बाजूंनी येणारा आवाज, हेडफोन लावून बघा म्हणजे कळेल. जवळ आले की मात्र कुठे कॉम्प्युटरचे, कुठे यांत्रिक बाहुले, आणि साइज तर विचारूच नका. अलास्कातला नर लांडगा साधारण 40 ते 50 किलोचा असतो, इथे वाघाएवढा वाटतो. त्यात माणसावर लांडग्याने हल्ला करणं मुळातच दुर्मिळ, सूड घेत दिवसेंदिवस मागे लागणं तर सोडाच. ‘अल्फा’चं, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याचं, जे चालू असतं तेही जुनं झालंय, लांडग्यांचा अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेकमुळे तो शब्द एवढा पसरला त्यानेच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक फॅमिली. प्राणीप्रेमी संघटना रिलीजच्या वेळी भडकल्या होत्या ते मला समजू शकतं.

यावर फॅन लोकांचं ठरलेलं उत्तर, अरे लांडगे म्हणजे मृत्यूचं प्रतीक आहे, तुला कळलंच नाही. कळलं की! पण मग हिरोला लांडग्यांचा जाणकार कशाला केलाय? तो दर दहा मिनिटांनी कळप असा वागतो, बीळ जवळ असेल तर तसा वागतो म्हणून क्लास घेतो, आणि आपण प्रश्न विचारला की प्रतीक, असं दोन्हीकडून नाही चालत. प्रतीकच होतं तर ती लेक्चरं कापायची, लांडगे अजून भीतीदायक झाले असते.

बाकी विमानाजवळ थांबायचं सोडून निघाले कशाला हा प्रश्नही सगळे विचारतात आणि बरोबरच आहे, शोधायला येणाऱ्यांना माणसापेक्षा विमानाचा सांगाडा लवकर दिसतो, जगात कुठेही हेच शिकवतात. नदीत पडून चिंब भिजलेला माणूस त्या थंडीत पुढे चालतोय हेही मला जड गेलं. थंडी मात्र खोटी वाटत नाही, शूटिंग कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या स्मिदर्सजवळ खऱ्या बर्फात केलंय आणि दाढ्यांवरचा बर्फ, वाऱ्यात नीट न फुटणारा आवाज हे दिसतं.

वाचलेल्यांपैकी एक, फ्रँक ग्रिलोने केलेल्या डियाझबद्दल कोणी फार बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. सुरुवातीला कानफटात द्यावीशी वाटणारा हा माणूस नदीकाठी बसतो आणि म्हणतो मी आता चालणार नाही, परत जाऊन करायचंय काय, दिवसभर ड्रिलिंग आणि रात्री दारू. समोर डोंगर, बाकीचे दोघं त्याला ओढत नाहीत, एकमेकांना फक्त पहिली नावं सांगतात, हात मिळवतात आणि निघतात. इतक्या वेळात ही नावं कोणी कोणाला विचारलेलीच नसतात.

शेवटी ऑटवे आकाशाकडे बघून देवाला शिव्या देतो, काहीतरी कर म्हणतो, काही होत नाही, मग ठीक आहे, मीच करतो म्हणून उठतो. आणि जाऊन पोचतो थेट लांडग्यांच्या बिळापाशी, म्हणजे इतकी पायपीट करून नेमके जिथून पळायचं होतं तिथेच आले. यानंतर झटापट दाखवली असती तर मला वाटतं सगळा पचका झाला असता. ज्यांना उत्तर हवंच आहे त्यांनी शेवटी पडद्यावर येणारी कलाकारांची नावं संपेपर्यंत बंद करू नका, सगळ्यात शेवटी काही सेकंदांचा एक शॉट आहे, बरेच जण तो न बघताच रिव्ह्यू टाकतात. तो बघूनही नक्की कोण वाचलं यावर भांडण होतंच, माझ्या मते ऑटवे आणि लांडगा दोघंही नाही वाचत.