जुन्या ट्रकला जीपीएस स्पीडोमीटर: वेग चोख, किलोमीटर कच्चे

८५ मिलिमीटरची गोल काळी तबकडी, काटा, खाली इवल्याशा पडद्यावर किलोमीटर आणि वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढा अँटेना. असे बिननावाचे जीपीएस मीटर आता ऑनलाइनही मिळतात आणि ट्रक अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांतही. गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर मीटर चालणाऱ्या जुन्या गाडीचा काटा खोटं बोलू लागला की सगळे हाच उपाय सुचवतात. वेगापुरता माल चोख आहे. पण जुनं मीटर का चुकतंय हे न बघता घेऊ नका, कारण पुष्कळदा त्याची गरजच नसते.

तपासणी सोपी आहे. मोबाइलवर जीपीएस लावून मोकळ्या हायवेवर ५० किलोमीटर जा आणि मीटरवर किती पडले ते बघा. किलोमीटरचे आकडे केबलवरून थेट गिअरने फिरतात. काटा मात्र फिरत्या चुंबकाच्या ओढीवर आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर चालतो. म्हणून किलोमीटर बरोबर आणि काटाच चूक असेल तर दोष मीटरच्या आत आहे, ते मीटरवाल्याकडे द्या. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे. आतली तार काढून पुसा, खालच्या दोन-तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावा, वरचं टोक कोरडं ठेवा. ग्रीस चढत मीटरमध्ये गेलं की काटा चिकटतो.

काटा आणि किलोमीटर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर गाडीत काहीतरी बदललेलं आहे. ९००-२० मापाच्या जागी १०००-२० मापाचे, म्हणजे मोठे टायर आले की मीटर साधारण साडेतीन टक्के कमी दाखवतं: काटा ६० वर, गाडी ६२ ने. क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली चाकं फिरवणारी गिअरची जोडी) बदललेलं असेल तर फरक फारच मोठा. ४१/६ दातांची जोडी काढून ४१/७ ची टाकली की काटा ६० दाखवत असताना गाडी ७० ने पळते. अशा वेळी केबलच्या मध्ये बसणारा छोटा रेशो बॉक्स, म्हणजे केबलचे फेरे ठरावीक पटीत बदलणारी गिअरची डबी, हाच खरा इलाज. खरं अंतर भागिले मीटरचं अंतर, समजा ५० किलोमीटरला मीटरवर ४३ पडले तर ५० भागिले ४३, म्हणजे सुमारे १.१६, त्या रेशोचा बॉक्स मागा. त्यातून बाहेर येणारी फिरण्याची दिशा तीच राहते ना, हे हाताने फिरवून बघा. उलटी झाली तर काटा शून्याच्या खालीच अडून बसतो. मोजणी नव्या टायरवर करा. टायर झिजला की व्यास घटतो आणि मीटर थोडं जास्त दाखवतं, ते चालतं. कमी दाखवणारं मीटर चलान फाडायला लावतं. युरोपातला ईसीई ३९ नियमही हेच धरून आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर इथपर्यंत माफ.

जीपीएस मीटरला टायर, क्राउन, केबल कशाशीच देणंघेणं नाही, हा त्याचा मोठा गुण. एकसारख्या वेगात मोबाइलच्या जीपीएसशी तो छान जुळतो. घाटात चुकतो, ही ड्रायव्हर मंडळींची शंका फोल आहे. वीसास एक चढावर फरक ६० ला ०.१ सुद्धा पडत नाही. खरी अडचण ब्रेक मारताना. आकडा साधारण सेकंदाला एकदाच बदलतो, त्यामुळे काटा मागून येतो. बोगद्यात तर सिग्नलच जातो.

आणि किलोमीटर? बोगद्यातले बुडाले. सकाळी चावी फिरवून लगेच गाडी काढली तर सिग्नल पकडेपर्यंतचेही बुडाले. डिझेलचं अ‍ॅव्हरेज, ऑइल बदलणं, टायरचा हिशेब या आकड्यावर ठेवू नका.

बसवताना आधी व्होल्टेज वाचा. ९ ते ३२ व्होल्ट लिहिलेलं असेल तरच ते २४ व्होल्टच्या गाडीला थेट चालतं. १२ व्होल्टचा नग आणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरच जोडायची सवय सोडा. दोन्हींचं चार्जिंग असमान होतं आणि एक बॅटरी लवकर बसते. लाल वायर चावीनंतरच्या सप्लायवर, मध्ये लहान फ्यूज, काळी थेट चासीला, तीही रंग खरवडून. अँटेना काचेखाली डॅशबोर्डवर, आकाशाकडे तोंड करून. केबिनच्या पत्र्याखाली ठेवला तर सिग्नल तासभर शोधत बसेल. तबकडीवर पाणी चाललं तरी मागच्या वायरींच्या जोडावर चालत नाही, तिथे टेप नको, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) लावा.

जुनं मीटर काढून त्याच भोकात हे बसवू नका. गाडीचे आजवरचे किलोमीटर त्या जुन्या मीटरवर आहेत. नवं बाजूला, स्वतंत्र ब्रॅकेटवर लावा. आणि स्पीड गव्हर्नरचा (गाडीचा वेग ८० वर रोखणाऱ्या यंत्राचा) सेन्सर गिअरबॉक्स आणि केबलच्या मध्ये असेल तर रेशो बॉक्स त्याच्या पुढे, मीटरच्या बाजूला घ्या. सेन्सरच्या आधी घातला तर ८० ची मर्यादा सरकते, आणि त्याचं सील तोडायचं तर अजिबात नाही.