अपंगत्वाचा विमा नाकारला: पुण्याचे लोकपाल की नाशिकचा ग्राहक आयोग?

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्याने स्वतः काढलेल्या अपघात विम्याचा दावा कंपनीने फेटाळला. कारण काय, तर उशिरा कळवलं. माणूस दवाखान्यात पडलेला असताना कळवणार कोण? तेव्हापासून विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे) आणि ग्राहक आयोग या दोन वाटा मी बारकाईने पाहिल्या.

दोन्हींच्या आधी नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली तेही लिहून. फोनवरच्या ‘बसत नाही’ला काही अर्थ नसतो.

विमा लोकपालांकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणीही व्हिडिओवर होऊ शकते. फी नाही, वकील चालत नाही. साध्या कामगाराला हे फार सोयीचं आहे, कारण समोरही वकील उभा राहत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते, कागद पूर्ण झाल्यावर 3 महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र मिळतं ते झालेल्या नुकसानीपुरतंच.

जिल्हा ग्राहक आयोग नाशिकमध्येच. मुदत 2 वर्षांची. इथे दाव्याची रक्कम नाही, भरलेला हप्ता बघतात. तो 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही, पण कंपनीचा वकील असतोच. व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, खर्च हे सगळं मागता येतं, डॉक्टरांचा पुरावा सविस्तर मांडता येतो. वेळ मात्र खूप जातो. निकाल आपल्या बाजूने लागला तरी कंपनी 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, अर्धी रक्कम भरून.

मग कुठे जायचं? ‘जुना आजार लपवला’ असा आरोप असेल, साक्षीपुरावा लागणार असेल, तर मी आयोग निवडेन. वाद कागदांवरूनच सुटण्यासारखा असेल तर लोकपाल. भावाचं प्रकरण असंच होतं: उशिराचं कारण खरं असेल तर केवळ उशिरावरून दावा नाकारू नये, असं विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना बजावलंय. शिवाय लोकपालांचा निवाडा आपल्यावर बंधनकारक नसतो, नाही पटला तर पुढे आयोगाकडे जाता येतं. उलट आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.

टक्केवारीवरून भांडण असेल तर एक सांगते. सिव्हिलच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि पॉलिसीतला बोटं-हात-डोळ्यांचा तक्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र जोडाच, पण रक्कम तक्त्यावरून मागा. आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, अपंगत्व लाभ अडला असेल तर तो या वाटेचा विषय नाही, तिथे मेडिकल बोर्ड आणि त्यावरचं अपील.

आम्ही लोकपालांकडे अर्ज केला. आयोगाची 2 वर्षं मात्र आम्ही नकारपत्राच्या तारखेपासूनच धरली आहेत. भावाने ती शेवटची तारीख दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर डाव्या हाताने लिहून ठेवली आहे.