क्विल्टच्या ब्लॉकसाठी इंची ग्राफ पॅड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीत आम्ही चौघी मैत्रिणी महिन्यातून एका शनिवारी क्विल्ट शिवायला एकत्र बसतो. गेल्या वर्षी आम्ही असे ठरवले की प्रत्येकीने आपल्या आवडीचा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन, १२ इंची मापात शिवून आणावा आणि ते सगळे जोडून एकच क्विल्ट करावी. ठरवताना कोणाच्याही लक्षात आले नाही की चौघींकडचे नमुने चार वेगवेगळ्या मापांचे आहेत आणि प्रत्येक ब्लॉक हव्या त्या मापात बसवता येतोच असे नाही. त्या अडचणीपायी गावातल्या क्विल्टच्या दुकानातून हा ग्राफ पॅड घेतला. १७ बाय २२ इंचांचे कागद, इंचाला आठ घरे आणि दर इंचावर ठळक रेघ, एवढाच त्याचा थाट आहे. किंमत साधारण एक यार्ड चांगल्या सुती कापडाइतकी पडली.

पॅड येण्यापूर्वी आमच्यातल्या एकीने सोपा मार्ग काढला होता. तिच्याकडे ‘सॉटूथ स्टार’ या चांदणीच्या नक्षीचे ८ इंची ब्लॉकचे साचे होते. तिने त्यांची दीडपट मोठी झेरॉक्स काढली आणि ८ चे १२ झाले म्हणून निर्धास्तपणे कापड कापले. मात्र साच्यातच धरलेली पाव इंचाची माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेले जादा कापड, हीही दीडपट होऊन ३/८ इंच झाली होती. शिवताना तिने नेहमीप्रमाणे पाव इंचावर टीप मारली, त्यामुळे प्रत्येक चौकोन दोन्ही बाजूंनी मिळून पाव इंच मोठा राहिला, आणि आडव्या ओळीत असे चार चौकोन असल्याने ब्लॉक सुमारे १३ इंचांचा झाला. गोधडीवर ठिगळ लावताना कड दुमडून ते जागेवरच सावरता येते. तुकड्याला तुकडा जोडून केलेल्या ब्लॉकमध्ये तशी सोय नाही. म्हणून मोठी करायची ती फक्त नक्षी, आणि माया धरायची ती सर्वांत शेवटी, प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी. या पॅडवर शिवून तयार झालेल्या मापाचीच रेघ आधी मारावी लागते, त्यामुळे ही शिस्त आपोआप लागते.

पॅडचा खरा उपयोग मात्र ब्लॉकची घरे मोजण्यात आहे. सॉटूथ स्टार चार बाय चार घरांत बसतो, म्हणून १२ इंचांत प्रत्येक घर ३ इंचांचे येते. ‘ओहायो स्टार’ ही दुसरी चांदणी तीन बाय तीनची, तिचे घर ४ इंचांचे. मी निवडलेला ‘बेअर्स पॉ’, म्हणजे अस्वलाचा पंजा, सात बाय सात घरांचा आहे, आणि १२ भागिले ७ हे माप कोणत्याही पट्टीवर सापडत नाही. असा ब्लॉक १४ इंची केला तर घर २ इंचांचे येते आणि साडेदहा इंची केला तर दीड इंचाचे. दोन्ही मापे कापायला सरळ आहेत. साडेदहाच्या ब्लॉकला चहूबाजूंनी पाऊण इंचाची कापडी पट्टी लावली की १२ इंच भरतात, आणि शहाणपण त्यातच होते. मला ती कापडी पट्टी नको होती.

मग जुनी युक्ती वापरली. कागदावर १२ इंचांचा पूर्ण मापाचा चौकोन काढून लांब मोजपट्टी त्यावर तिरकी ठेवली, शून्य डाव्या कडेवर आणि १४ चा आकडा उजव्या कडेवर येईल अशी. दर दोन इंचांवर खूण करून त्या खुणांमधून उभ्या रेघा मारल्या की रुंदीचे सात समान भाग पडतात आणि भागाकार करावाच लागत नाही. कागद फिरवून तेच पुन्हा केले. साध्या लेटर आकाराच्या कागदाची रुंदी साडेआठ इंच असते, त्यावर हे शक्यच नव्हते. मोठ्या पानाचे पैसे तिथे वसूल झाले. अर्थात या मापाचे तुकडे मोजपट्टी आणि रोटरी कटरने (गोल फिरत्या पात्याच्या कटरने) मोजून कापता येत नाहीत, त्यांचे साचेच करावे लागतात, हे माझ्या हट्टाचे शुल्क.

इंचाला आठ घरे का हवीत, चार का पुरत नाहीत, हे त्रिकोण काढताना कळले. चौकोन तिरका कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर तयार मापात ७/८ इंच मिळवायचे, आणि दोन्ही कर्णांवर कापून चार करायचे असतील तर सव्वा इंच, हे आम्ही वर्षानुवर्षे पाढ्यासारखे म्हणत आलो होतो. त्रिकोण काढून भोवती दोन-दोन घरांची माया आखली, तेव्हा निमुळत्या टोकाला ती किती लांबते ते समोर दिसले. काटेकोर हिशेबात पहिला आकडा ०.८५४ इंच येतो. पट्टीवर सापडावा म्हणून त्याचे ७/८ केलेले असते. ओहायो स्टारचे चार त्रिकोण म्हणूनच सव्वापाच इंचांच्या चौकोनातून निघतात.

पॅडमध्ये उणिवा आहेत. निळ्या रेघा इतक्या गडद आहेत की साध्या पेन्सिलीची नक्षी त्यांत हरवते. मी लाल पेन्सिल वापरते. कागद पातळ असल्याने साचा करायचा तर तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागतो. पट्टीने पडताळले तेव्हा २० इंचांमागे सुमारे १/१६ इंच कमी भरले, जे १२ इंची ब्लॉकमध्ये दोऱ्याच्या जाडीत खपून जाते. घरच्या प्रिंटरवर चौकटी छापून घेणे फुकट पडते खरे, पण पानात मावेल असे छापण्याचा पर्याय चुकून चालू राहिला तर सगळी घरे आक्रसतात आणि चूक कापड कापल्यावरच कळते. पुण्याची माझी मैत्रीण शाळेच्या मिलिमीटर आलेखकागदावर नक्षी काढते. नुसत्या आराखड्याला तो उत्तम आहे, पण पूर्ण मापाचा साचा करताना पाव इंच ६.३५ मिलिमीटरचा होऊन रेघांच्या मधेच पडतो.

संगणकावर ब्लॉक आखणाऱ्यांना माप बदलले की कापण्याचे आकडे तयार मिळतात, त्यांना या पॅडची गरज नाही. आमच्यापैकी एकीकडे तशी सोय आहे, तरी ‘पंजा’ची नखे, म्हणजे त्यातले छोटे त्रिकोण, कोणत्या दिशेला वळवायची यावर आमचा वाद झाला तेव्हा तिनेच पॅडचे पान ओढून घेतले आणि त्यावर दोन्ही प्रकार रंगवून दाखवले. पन्नासपैकी एकोणीस पाने अजून शिल्लक आहेत.