डेंग्यूची चाचणी: एनएस१ की आयजीएम?

ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, हे आधी विचारा. निवड त्यावरच ठरते. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, त्यामुळे ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. आयजीएम ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. ती चौथ्या-पाचव्या दिवसाआधी सहसा दिसतच नाहीत. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं समजणं, ही नेहमीची चूक.

आयजीएम दोन-तीन महिने टिकते, म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल मागच्या आजाराचाही असू शकतो. झिका किंवा जपानी मेंदूज्वरातही ती पॉझिटिव्ह येऊन फसवते. एनएस१ची गोची वेगळी: दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत ते लवकर नाहीसं होतं, आणि गंभीर आजाराचा धोका नेमका याच रुग्णांना जास्त. त्यांच्यात आयजीएमही कमी राहू शकते. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दोन्ही एकत्र कराव्यात.

विषाणूचा प्रकार चारपैकी कोणता, हे यांतली एकही सांगत नाही, त्यासाठी आरटी-पीसीआर. उपचार मात्र प्रकारावर नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), रक्तदाब आणि लघवीच्या प्रमाणावर ठरतात.