क्योतोतला 'ओन्र्यो' वॉक: भूत कमी, पदोन्नती जास्त

पाचपैकी चार स्टार. अंगावर काटा यावा म्हणून जाणार असाल तर पैसे वाचवा. ही पायी सहल भर दिवसा निघते. सौ. आधी येतच नव्हती, नंतर तिचेच प्रश्न संपेनात.

गाइडबाईंनी सुरुवातीलाच घोळ मिटवला. 'युरेई' म्हणजे कुठलंही अतृप्त भूत. 'ओन्र्यो' म्हणजे अन्याय सोसून मेलेला आणि डूख धरून परतलेला आत्मा. जुन्या काळी हे बहुतेक दरबारातलेच लोक. आपला समंध एखाद्या घराच्या मागे लागतो. हे अख्ख्या राजधानीला वेठीस धरायचे. त्यांची मनधरणी करताना मात्र आदरानं 'गोर्यो' म्हणायचं. रोगांच्या साथी हटेनात म्हणून 863 साली दरबारानंच त्यांच्यासाठी विधी केला.

पहिलं देऊळ कामिगोर्यो. राजपुत्र सावाराला 785 साली एका खुनाच्या कटात गोवलं. त्यानं अन्न सोडलं, हद्दपारीच्या वाटेवरच गेला. पुढे राजघराण्यात आजारपणं आणि मृत्यू सुरू झाले, तेव्हा 800 साली त्याला चक्क सम्राटपद बहाल केलं. सौ.नं विचारलं, "श्राद्ध घालून भागलं नाही का?"

माझी हयात आस्थापना शाखेत गेली, त्यामुळे कितानो तेनमानगू या पुढच्या देवळात तर मी वहीच काढली. विद्वान मंत्री मिचिझाने 903 मध्ये दाझाइफूला हद्दपारीत वारला. 923 मध्ये जुनं पद परत. 930 मध्ये राजवाड्यावर वीज पडून दरबारी मेले, खापर त्याच्यावरच. 993 मध्ये सर्वोच्च मंत्रिपद, म्हणजे मृत्यूनंतर 90 वर्षांनी! आमच्याकडे फाइल याहून लवकर हलते. आता तो विद्येचा देव आहे, परीक्षेआधी मुलांची रांग लागते.

एक स्टार कापला तो मधल्या शिरामिने देवळासाठी. तिथे सम्राट सुतोकू, म्हणजे या मंडळींतला सगळ्यात धास्तीचा, आणि बाईंनी त्याला दोन वाक्यांत उरकून वेळ फुटबॉलवर घालवला. ही जागा पूर्वी 'केमारी' या चेंडूच्या खेळात मुरलेल्या आसुकाई घराण्याची, म्हणून खेळाडू नवस बोलतात. गमतीचं आहे, पण आम्ही आलो होतो ओन्र्योसाठी.

कानातलं यंत्र देतात, आवाज स्वच्छ येतो. वाटेत बसायला फारसं मिळत नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. जमल्यास 25 तारखेचं बुकिंग घ्या: त्या दिवशी कितानोला मोठा बाजार भरतो आणि सहल तिथेच संपते.