छोट्या ट्रॅक्टरला मागची हायड्रॉलिक लाईन: चार वाटा, आणि गोव्यातल्या शेताला त्यातली कोणती मानवते

पोफळी साधारण 2.7 मीटरवर लावलेल्या असतात. त्या रांगांत मोठा ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) 24 ते 28 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टरच कामाचा. घेताना सगळं लक्ष रोटाव्हेटरवर आणि चिखलणीवर असतं. मागे लिफ्ट आहे, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) आहे, झालं. वर्ष-दोन वर्षांनी शेणखत आणि चिरे वाहायला डंपिंग ट्रॉली घ्यायची वेळ येते, किंवा पलटी नांगर मनात भरतो, आणि तेव्हा कळतं की ट्रॅक्टरच्या मागे तेलाचा पाईप जोडायला तोंडच नाही.

हे तोंड काढायच्या चार वाटा आहेत. दोन मी माझ्याच ट्रॅक्टरवर करून पाहिल्या, तिसरी चुलतभावाकडे चालते, चौथी शेजाऱ्याच्या ट्रॉलीवर आहे. तुम्ही ठरवायच्या बेतात असाल तर माझं एकच सांगणं: अवजाराला गेलेलं तेल कुठल्या टाकीतून निघतं आणि कुठल्या वाटेने परत येतं, हे आधी विचारा. किंमत आणि कंपनी नंतर. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि त्याचा भुर्दंड भरला.

आधी अवजार बघा

ट्रॉलीचा जॅक सिंगल अ‍ॅक्टिंग असतो. तेलाने वर जातो, खाली ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनाने येतो. त्याला एक पाईप पुरतो. पलटी नांगर, मागचा ब्लेड फिरवणारा जॅक, हायड्रॉलिक टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा, लांबी बदलणारा दांडा), लाकूड फोडणारं यंत्र यांना दोन्ही बाजूंनी तेल लागतं, म्हणजे डबल अ‍ॅक्टिंग, दोन पाईप. ट्रॅक्टरची स्वतःची लिफ्टसुद्धा सिंगलच आहे. अवजार उचलते जोराने, खाली सोडते ते वजनावर.

मग हिशेब करा. 63 मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि 400 मिलिमीटर स्ट्रोकचा (सरकण्याच्या लांबीचा) जॅक पूर्ण उघडायला सव्वा लिटर तेल घेतो. व्हॉल्व्हपर्यंत मिनिटाला 15 लिटर तेल पोचत असेल तर पाच सेकंदांत काम होतं. 150 बार दाबाला तो साडेचार टनांहून जास्त जोर लावतो. नांगर पलटायला किंवा ब्लेड वळवायला हे भरपूर झालं. पण लाकूड फोडायच्या यंत्राचा 100 मिलिमीटर बोअरचा, 600 मिलिमीटर स्ट्रोकचा जॅक घ्या: त्याला 4.7 लिटर लागतात, म्हणजे नुसतं पुढे जायलाच जवळपास 19 सेकंद. दिवसभर ओंडक्यामागे ओंडका फोडायचा तर हा वेग कंटाळा आणतो आणि तेल तापवतो. म्हणून पंप मिनिटाला किती लिटर देतो ते मॅन्युअलमध्ये वाचा. स्टीअरिंग आणि लिफ्ट यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, त्यातला लिफ्टचा आकडा धरायचा.

पहिली वाट: लिफ्टमधूनच तोंड काढणं

चारांत सर्वांत स्वस्त ही. लिफ्टच्या घरावर एक प्लग असतो, तिथे नळी जोडून मागे एक कपलर (पाईप झटकन जोडायचं-काढायचं तोंड) बसवतात. लिफ्टचा लिव्हर वर केला की ट्रॉली उचलते, खाली केला की बसते. नवीन व्हॉल्व्ह नाही, पंपाच्या लाईनला हात नाही.

यात एक खोच आहे. रिकामे लिफ्टचे हात आधी वर जातात, कारण त्यांना जोर लागत नाही. ते लिव्हरने ठरवलेल्या उंचीला पोचले की लिफ्टचा आतला व्हॉल्व्ह आपणहून बंद होतो आणि ट्रॉलीचा जॅक अर्ध्यात उभा राहतो. म्हणून हातांकडे जाणारं तेल अडवणारा कॉक लागतो. काही ट्रॅक्टरांना तो कंपनीचाच येतो. कॉक लावून ट्रॉली पूर्ण वर गेली की लिव्हर लगेच मधे आणायचा. नाहीतर रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल सोडून देणारा) किंचाळत राहतो आणि ते तेल फुकट तापतं.

फक्त ट्रॉली, आणि तीही दिवसाला पाच-सहा खेपा, एवढंच काम असेल तर इथेच थांबा. मी तीन वर्षं यावरच भागवलं. भातशेती आणि थोडं कुळागर असलेल्यांपैकी बहुतेकांना याहून जास्त लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट: पंपाच्या लाईनमध्ये वेगळा व्हॉल्व्ह

खरी सोय यात आहे आणि खरा धोकाही. पंपातून लिफ्टकडे जाणारी दाबाची लाईन मधे तोडून तिथे डीसीव्ही (लिव्हरने तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) बसवायचा, त्याच्या प्रत्येक लिव्हरला मागे दोन-दोन कपलर. आपल्या छोट्या ट्रॅक्टरांत साधारणपणे गिअर पंप असतो आणि तेल अखंड फिरत असतं. लिव्हर मधे असताना ते व्हॉल्व्हमधून आरपार जाऊन लिफ्टला मिळालंच पाहिजे. त्यामुळे व्हॉल्व्हला पंपाकडून येणारं तोंड, टाकीला परत जाणारं तोंड, आणि लिफ्टकडे दाबाने तेल पुढे देणारं तिसरं तोंड, अशी तीन तोंडं हवीत. या तिसऱ्याला पॉवर बियाँड म्हणतात.

आमच्याकडे हायड्रॉलिकचे जाणकार फिटर कमी नाहीत. खाणी जोरात होत्या तेव्हा पोकलेनवर हात बसलेली माणसं 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर लहान-मोठ्या वर्कशॉपांत आली. मी अशाच एका ठिकाणी गेलो. काम स्वच्छ, होज (दाबाचे रबरी पाईप) टोकांना उत्तम क्रिंप केलेले. पण व्हॉल्व्ह दोन तोंडांचा होता आणि टाकीचं तोंड सरळ लिफ्टच्या लाईनला जोडलं होतं. रिकाम्या ट्रॅक्टरवर सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी ओल्या मातीने जड झालेला रोटाव्हेटर उचलला आणि सीटच्या बाजूला ‘फट्’ असा आवाज झाला. लिव्हरच्या मुळाशी नखाएवढा काळा रबरी सील बाहेर आला होता आणि त्याच्या बाजूने तेलाची धार लागली होती. कारण सोपं आहे. टाकीकडची बाजू हलक्या परतीच्या दाबासाठी बनवलेली असते. तिच्या पुढे लिफ्ट जोडली की लिफ्ट जितकं वजन उचलेल तितका दाब त्या सीलवर येतो. इंजिन बंद करेपर्यंत बरंच तेल गेलं होतं. ते उताराने पाटात उतरलं आणि पाटाच्या पाण्यावर रंगीत तवंग खालच्या पोफळींपर्यंत गेला. त्या पाटावर खाली दुसऱ्याचंही कुळागर आहे. मातीचा बांध घालून पाणी अडवलं, वरचा तवंग गोणपाटाने टिपून काढला. तेलाच्या किमतीपेक्षा ती दुपार मला अजून जास्त लागते.

नंतर तिसऱ्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणला आणि टाकीची वेगळी लाईन ट्रान्समिशनच्या घरात नेली, तेव्हापासून तक्रार नाही. तुम्ही करून घेणार असाल तर फिटरला बोट ठेवून विचारा: लिफ्टला तेल कुठल्या तोंडातून जातं, आणि टाकीला कुठल्या? दोन्हींचं उत्तर एकच आलं तर काम थांबवा. पॉवर बियाँडचा तुकडा बसवून टाकीची लाईन न जोडणं हीसुद्धा तितकीच वाईट चूक आहे, कारण परत येणाऱ्या तेलाला मग वाटच उरत नाही.

कंपनीचा किट की बाहेरचा व्हॉल्व्ह? ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर किट, आणि तो बसवल्याची नोंद बिलावर. किट महाग पडतो. पण पाईप वाकवून, ब्रॅकेटसह, त्याच मॉडेलच्या भोकांना बसणारा येतो. नवीन ट्रॅक्टर घेणार असाल तर डिलिव्हरीच्या आधीच बसवून मागा. वॉरंटी संपली असेल आणि फिटर समजून काम करणारा असेल तर बाहेरचा व्हॉल्व्हही उत्तम चालतो. दाबाच्या बाजूला दोन जाळ्यांचा 100 आर 2 होजच घ्या. 3/8 इंची होज 330 बारपर्यंत काम करतो आणि आपल्या ट्रॅक्टरांचा रिलीफ सहसा 200 बारच्या आत असतो.

लिव्हर किती? दोन. एक लावण्याची आणि दोन लावण्याची मेहनत जवळपास सारखीच, कारण मुख्य तीन लाईनी त्याच राहतात. त्यातला एक लिव्हर फ्लोटचा (जॅकची दोन्ही तोंडं परतीला मोकळी सोडणारा) घ्या. डबल व्हॉल्व्हवर ट्रॉलीचा सिंगल जॅक चालवताना एक तोंड बंद असतं. ट्रॉली उतरवायला लिव्हर खाली केला की पंप त्या बंद तोंडावर डोकं आपटतो. फ्लोटमध्ये टाकला तर जॅकचं तेल निवांत परत येतं. मोरडीवरच्या (उंचावरच्या शेतातल्या) रस्त्यावर ब्लेड जमिनीच्या चढउताराबरोबर तरंगत न्यायलाही तोच उपयोगी. हायड्रॉलिक टॉप लिंक लावणार असाल तर तिच्या जॅकवर लॉक व्हॉल्व्ह हवा. नुसत्या डीसीव्हीतून तेल थोडं थोडं झिरपतं आणि ब्लेडचा कोन काम करता करता बदलतो.

तेलाचा प्रश्न

पहिल्या दोन्ही वाटांत अवजाराचं तेल ट्रॅक्टरचंच असतं. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक, सगळ्यांना ते एकच तेल. भाड्याने आणलेल्या ट्रॉलीत कोणी साधं 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल भरलं असेल, किंवा पाणी शिरून ते दुधाळ झालं असेल, तर पहिल्याच खेपेत ते तुमच्या ब्रेकपर्यंत जातं. ट्रॉली पूर्ण वर असताना डिपस्टिकही बघा. जॅकने चार-पाच लिटर ओढून घेतले की चढावर पंप हवा खेचू शकतो. या एका कारणासाठी मी माझी ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडू देत नाही, आणि दुसऱ्याची माझ्या ट्रॅक्टरला जोडत नाही.

तिसरी वाट: पीटीओवरचा पंप

चुलतभावाकडे काजूची भट्टी आहे. हंगामात तिला रोज फोडलेलं लाकूड लागतं. त्याने पीटीओवर गिअरबॉक्ससह पंप, वेगळी टाकी आणि वेगळा व्हॉल्व्ह असा संच घेतला. मिनिटाला 30 लिटर मिळतात, म्हणजे मघाचा 19 सेकंदांचा स्ट्रोक साडेनऊ सेकंदांवर येतो. 150 बारला या पंपाला साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा अश्वशक्ती लागते. छोट्या ट्रॅक्टरला ती झेपते. तेल ट्रॅक्टरच्या तेलात मिसळत नाही, वॉरंटीला धक्का नाही, संच काढून दुसऱ्या ट्रॅक्टरलाही लावता येतो.

पण पीटीओ या पंपात गुंतला की रोटाव्हेटर, ऑगर, फवारणी पंप सगळं बंद. टाकी लहान घेतली तर एप्रिलच्या उन्हात तासाभरात तेल हात लावू देत नाही. पंप मिनिटाला जितके लिटर देतो किमान तितक्या लिटरची टाकी हवी. फिरत्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून काम करणारे मी पाहिले आहेत. तसं कधी करू नका, लुंगी-पंचा लावून तर नाहीच. तास न् तास एकाच जागी चालणारं काम असेल तरच ही वाट घ्या. नांगर पलटायला एवढा संसार नको.

चौथी वाट: ट्रॉलीवरच बॅटरीचा पॉवर पॅक

शेजाऱ्याने ट्रॉलीच्या पुढच्या पेटीतच 12 व्होल्टची मोटर, पंप आणि छोटी टाकी बसवली आहे. हातात बटणाची वायर. कोणताही ट्रॅक्टर जोडा, अगदी जीपही. 2 किलोवॅटची मोटर 12 व्होल्टवर 165 अँपिअरच्या वर ओढते, म्हणून ट्रॉलीला स्वतःची बॅटरी आणि जाड केबल हवी. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर हा भार टाकू नये. मोटर मिनिट-दोन मिनिटं चालवायची आणि गार होऊ द्यायची. दिवसाला दहा खेपांपर्यंत त्याचं मजेत चालतं, चिरेखणीवरून सलग वाहतूक करायची तर नाही. दोघा-तिघा भावांत एक ट्रॉली असेल तर पहिल्या वाटेपेक्षा मी हीच सुचवीन, कारण तेल ट्रॉलीचं ट्रॉलीतच राहतं.

आपल्या हवेत काय बिघडतं

कपलर खाली, चाकाच्या पातळीला लावू नका. चिखलणीत ते बुडतात. खाजन शेतीत (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) खारं पाणी लागून महिन्याभरात कपलरची आतली गोळी गंजते. सीटच्या मागे, उंचावर लावा. टोप्या रबरी, साखळीसह घ्या. जून ते सप्टेंबर ट्रॉली उभी असते आणि त्या चार महिन्यांतच उघड्या कपलरमधून पाणी आत जातं.

उन्हात उभ्या ट्रॉलीतलं तेल फुगून पाईपमध्ये दाब धरतं आणि कपलर काही केल्या बसत नाही. हातोडीने ठोकू नका. पाईप काढतानाच जॅक पूर्ण खाली घ्या, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, मग ओढा. उचललेल्या ट्रॉलीखाली जायचं तर आधी लोखंडी टेकू लावा, जॅक कितीही नवा असला तरी.

होजमधून बारीक फवारा येत असेल तर तो हाताने चाचपू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं. वर सुईएवढी खूण दिसते, आत मात्र बोट सडायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. तरीही तेल घुसलंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका. त्याच तासाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा आणि ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल हातात शिरलं आहे’ असं स्पष्ट सांगा. त्यावर काही तासांत शस्त्रक्रिया लागते.