टॅबची बॅटरी बसलीये: बदलायची, तशीच चालवायची की नवाच घ्यायचा?

सगळ्यात आधी टॅब सपाट टेबलावर पालथा-उलथा ठेवून बघा, डुगडुगतोय का, स्क्रीनची कड उचललीये का. तसं असेल तर बॅटरी फुगलीये आणि मग तुलना वगैरे काही नाही, चार्जिंग बंद, टॅब बंद, दाबायचा नाही, टोचायचा तर अजिबात नाही, आत गॅस झालेला असतो आणि लिथियम बॅटरी पेटली की पटकन विझत नाही. असा टॅब कुरिअरनेही पाठवू नका, स्वतः दुकानात घेऊन जा.

फुगली नसेल तर खरंच बॅटरीच गेलीये का ते बघा. आपल्याकडे कोकणात खाऱ्या हवेने चार्जिंग पोर्टला गंज चढतो आणि लोक उगाच बॅटरी बदलून बसतात. चार्ज व्हायलाच वेळ लागतो, वायर हलवली की तुटतं, तर दोष केबलचा नाहीतर पोर्टचा. पूर्ण चार्ज होऊन भराभर उतरते किंवा ३० टक्क्यांवर टॅब धाडकन बंद पडतो, तर मात्र बॅटरी.

आता बरेच जण काय करतात, टॅब कायम चार्जरला लावून ठेवतात. हा मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. लिथियम बॅटरीला १०० टक्के भरून राहणं आणि गरमी दोन्ही सोसत नाही आणि आपल्याकडे एप्रिल-मेमधे पत्र्याखाली दोन्ही एकदम मिळतं. शिवाय पावसात लाईट गेली की असा टॅब काय कामाचा? लावूनच ठेवायचा असेल तर सेटिंगमधे ८० टक्क्यांची मर्यादा असते का बघा, बऱ्याच मॉडेलमधे असते.

पॉवर बँक त्यापेक्षा बरी, पण १०,००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) पॉवर बँक ७,००० एमएएच बॅटरीच्या टॅबला साधारण एकदाच भरेल, कारण व्होल्टेज वाढवताना बरंच वाया जातं. काही महिने ढकलायला ठीक.

बदलायचीच तर कणकवली, कुडाळ, चिपळूणच्या बाजारातला रिपेअरवाला की कंपनीचं सेंटर? बाजारात स्वस्त पडतं आणि काम लवकर होतं, पण बॅटरी कुठली टाकतोय त्यावर सगळं आहे. पार्ट नंबर जुळतो का, बॅटरी कधी बनलेली आहे (पडून राहिली तरी ती म्हातारी होतेच), वॉरंटी बिलावर लिहून देतो का हे विचारा आणि मुख्य म्हणजे स्क्रीन गरम करून गोंद सोडवावा लागतो तेव्हा काच फुटली तर कोण भरणार हे आधीच ठरवा. सेंटरला खर्च जास्त, त्यात रत्नागिरी, कोल्हापूर नाहीतर गोव्यापर्यंतची फेरी, पण महागडा टॅब असेल तर मी तिथेच देईन. आयपॅडला ॲपलकेअर+ (ॲपलचा वेगळे पैसे भरून घ्यायचा प्लॅन) असेल आणि बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल तर ॲपल बॅटरी बदलायचे जादा पैसे घेत नाही, नुसत्या वॉरंटीत वापराने झिजलेली बॅटरी बसत नाही. कुठेही द्या, बॅकअप घेऊनच.

आणि अपडेट यायचे बंद झालेत, बँकेचं ॲप चालत नाही, असा टॅब असेल तर त्यात नवी बॅटरी घालण्यात अर्थ नाही, ते पैसे नव्यात घाला. बॅटरीचा खर्च तसल्याच नव्या टॅबच्या निम्म्याच्या आसपास जात असेल तरी तेच. पण मुलांच्या अभ्यासाचा, तीन-चार वर्षांचा, बाकी ठणठणीत टॅब असेल तर बिनधास्त बॅटरी बदला.

जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्या, बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांची आहे. घरी आणून परसातल्या पातेऱ्याबरोबर पेटवू नका.